जास्तीची वर्षं

शाळेचे गणवेश शिवणारी ती बाई मुळात शांत स्वभावाची. नवरा निवृत्त झाल्यावर शंभरी ओलांडायच्या नादाला लागला, तेही तिने हसण्यावारी नेलं. सकाळी मूठभर कॅप्सूल, वर आयुष्य वाढवते म्हणून कुठूनतरी मागवलेली एक गोळी. त्या गोळीने प्रतिकारशक्ती कमी होते, असं त्याच्या वाचनात आलं आणि तो माणसंच टाळू लागला. नातीला शिंक आली तरी तिला दारातून परत पाठवायचा.

मग मोठे दीर न्यूमोनियाने दवाखान्यात पडले. त्यांनीच ह्याला पोटाला चिमटा घेऊन शिकवलं होतं. ते सारखे विचारायचे, "धाकटा आला का?"

"मला संसर्ग झाला म्हणजे?" नवरा म्हणाला आणि गेलाच नाही.

तीच रोज जाऊन बसली. दीर गेले तेव्हा त्यांचा हात तिच्या हातात होता. घरी परतली, तर नवरा दार अडवून उभा. "आधी ते कपडे बाहेर टाक."

जन्मभर त्याला अहो-जाहो करणाऱ्या बाईच्या तोंडून पहिल्यांदाच 'तू' निघालं. "हो बाजूला! सख्खा भाऊ गेला तुझा, आणि तुला माझ्या कपड्यांची पडलीय? जग हवं तितकं. एकटा जग!"

तिने शिलाई मशीन टेम्पोत चढवलं आणि लेकीचं घर गाठलं. त्याचा रोज फोन येतो. ती उचलत नाही, मशीन आणखी जोरात चालवते.