मंदाची उन्हातली छत्री

फोन आला तेव्हा मी कारखान्यात कापडाचा ताका तपासत होतो. लूमच्या खडखडाटात काही ऐकू येईना म्हणून मोबाइल घेऊन रस्त्यावर आलो. पलीकडून मंदाचा नवरा एवढंच म्हणाला, "दादा, मंदा गेली..." मंदा माझी धाकटी बहीण. त्याला आता दीड महिना झाला. राग ओसरेल, असं लोक म्हणतात. माझा ओसरलेला नाही.

मंदा भिवंडीजवळच्या अंजूरला वाढली, पडघ्याला नांदली. तिला ल्युपस होता. रोगांशी लढणारी शरीराची ताकद त्यात शरीरावरच उलटते. ऊन लागलं की गालांवर लाल चट्टे उठायचे, सांधे धरायचे, पुढे दुखणं मूत्रपिंडांवर गेलं. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि उन्हात जायचं नाही. एके काळी खळ्यावर भाताच्या झोडणीला दिवसभर उन्हात उभी राहणारी ही मुलगी भर थंडीतही काळी छत्री उघडून चालू लागली. बाजारात बायका चिडवायच्या, "मंदे, पाऊस कुठं पडतोय गं?" ती म्हणायची, "तुमच्याकडं न्हाय? माझ्या डोक्यावर रोज पडतोय." छत्रीची थट्टा तिला चालायची. गोळ्यांनी सुजून गोल झालेल्या चेहऱ्याची मात्र नाही. आरशाकडे पाठ करून ती वेणी घालायची. गोळ्या सुटाव्यात, एवढंच तिला हवं होतं.

मग केबलवर एका डॉक्टरची जाहिरात लागली. आई आणि मी मंदाला घेऊन त्याच्या दवाखान्यात गेलो. स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी. बाळाच्या नाळेतून काढलेल्या पेशी शिरेतून दिल्या की बिथरलेली प्रतिकारशक्ती ताळ्यावर येते, असं तो म्हणाला. नाळेचं नाव निघताच आईचे डोळे भरले. आमच्याकडे नाळ खळ्याच्या बांधाशी पुरायची रीत. आम्हा भावंडांच्या तिथंच पुरलेल्या. ती जमीन विकली, वर गोदाम उभं राहिलं आणि मंदाचं दुखणं त्यानंतर सुरू झालं... आईनं या दोन्हींची सांगड केव्हाच घातली होती. "नाळ सिमिटाखाली गेली म्हून पोर सुकली. आता नाळच तिला उठवंल," ती म्हणाली. यात वैद्यक काही नाही, हे डॉक्टरला ठाऊक होतं. तरी त्यानं मान डोलावली.

मी विचारलं, "किती जणांना दिलंत? किती बरे झाले? किती गेले?" तो हसला. "काका, आकडे कशाला? विश्वास ठेवा." आम्ही साधा ताका विकतो तेव्हा कुठे डाग, कुठे तुटका धागा, ते खूण करून दाखवावं लागतं. माणसाच्या शिरेत सोडायच्या वस्तूला ते नको? मुंबईच्या बाई सरळ बोलल्या होत्या, "संशोधन चालू आहे, आशाही आहे. पण अजून चाचण्या चालल्यात, हे विकायचं औषध नाही." मी ते मंदाला सांगितलं. "दादा, तुझा चेहरा तुझ्याकडं हाय. मला माझा परत पायजे," ती म्हणाली.

पेशी दिल्या आणि गोळ्या त्यानं एकदम बंद करायला लावल्या. सुरुवातीला चेहऱ्याची सूज खरंच उतरली. एका दुपारी ती भिवंडीला आमच्या घरी आली, मिटलेली छत्री काखेत. दाराआडच्या खिळ्याला ती अडकवून म्हणाली, "वहिनी, ही तुम्हाला ठेवा. मला आता ऊन खायचंय." आणि ओट्यावर तोंड वर करून बसली...

पुढे पाय सुजले, लघवी कमी झाली. फोन केला की डॉक्टर म्हणायचा, "पेशी कामाला लागल्यात, आधी त्रास वाढतोच." मुंबईला नेलं तोवर मूत्रपिंडं गेली होती. बाईंनी एकच विचारलं, "गोळ्या कुणी थांबवल्या?"

आई म्हणते, "माझ्या नाळंनं मारली पोरीला." नाही, आई. तुझी रीत तुझ्या घरापुरती होती, तिचा धंदा त्यानं केला. मी त्याच्याकडे परत गेलो. बाहेरची बाकं भरलेली होती. तेच तीन प्रश्न विचारले. त्यानं मला ओळखलंही नाही. "काका, विश्वास..." "किती गेले, त्याचं उत्तर मी देतो," मी बाकांवरच्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणालो. "निदान एक. मंदा नाव होतं तिचं."

छत्री दाराआड तशीच आहे. माझी बायको उन्हात निघताना तिच्याकडे बघते आणि डोक्यावर पदर घेते. परवा म्हणाली, "मूठ पुसून ठेवू का?" मी नको म्हटलं. मुठीवर मंदाच्या चट्ट्यांवरच्या मलमाचा पांढुरका डाग आहे. तो राहू दे.