अकरावं नाव

आमच्या व्याह्यांइतका आडमुठा माणूस या आखातात दुसरा उतरला नसेल, आणि उतरला असेल तर इथल्या लोकांनी त्याला त्याच विमानानं परत पाठवला असेल. मी स्वतः काही कमी नाही. चौथीपर्यंत शिकलो, चाळीस वर्षं दुबईत दगडात अक्षरं कोरली, बंगल्यांच्या पाट्या, दुकानांच्या पाट्या, आणि कुठल्याही इंजिनियरला माझ्या रेषेवर बोट ठेवू दिलं नाही. पण व्याह्यांपुढं मी म्हणजे मेण. ते फौजेत रेकॉर्डाला होते. उभी नोकरी कागद सांभाळण्यात गेली, आणि निवृत्त होऊन इथं दुबईत करामाला आपल्या मुलाकडं राहायला आले तेव्हा जगातल्या सगळ्या गोष्टी दोन खणांत टाकायची सवय बरोबर घेऊन आले. कागद असलेली गोष्ट आणि कागद नसलेली गोष्ट. दुसऱ्या खणातली गोष्ट त्यांच्या लेखी घडलेलीच नसायची. आमच्या पोराला बघायला आले तेव्हा चहा प्यायच्या आधी त्यांनी त्याचा जन्माचा दाखला मागितला. मी म्हटलं, ‘‘अहो, पोरगा समोर बसलाय की!’’ तर म्हणाले, ‘‘दिसतोय. पण जन्मला कधी ते कुठं दिसतंय, पाव्हणं?’’

लोक खिशाला पेन लावतात, हे मोजायचा टेप लावायचे. पोरानं अल बर्शाला नवीन फ्लॅट घेतला, तेव्हा पहिल्यांदा आले ते उंबऱ्यातच थांबले. दार मोजलं, पॅसेज मोजला, लिफ्ट मोजून आले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, ‘‘फ्लॅट चांगलाय. फक्त इथनं माणूस आडवा न्यायची वेळ आली तर वाकवावा लागंल.’’ आमची सूनबाई म्हणजे त्यांचीच मुलगी. ती बिचारी ओरडली, ‘‘दादा, निदान आज तरी!’’ नातू मान वर न करता म्हणाला, ‘‘ग्रँडपा इज सो वीअर्ड.’’ व्याह्यांनी मला विचारलं, ‘‘काय म्हणतोय?’’ मी म्हटलं, ‘‘तुमचं बरोबर आहे म्हणतोय.’’

तर अशा माणसाच्या डोक्यात गावच्या स्मारकानं घर केलं. त्यांचं गाव साताऱ्याकडचं, आणि आमची वाडी त्याच गावाला जोडलेली. गावाच्या चावडीत इंग्रजाच्या काळातला एक दगड बसवलेला होता. या गावातून आणि वाडीतून पहिल्या जर्मन लढाईला इतके गेले, त्यातले अकरा मेले, एवढाच मजकूर. नाव एकाचं नाही. बैलांची गणती करावी तसा आकडा. चावडी पाडायची ठरली, तेव्हा दगड काढून नवीन स्मारक बांधू असं ग्रामपंचायतीत बोलणं झालं. व्याह्यांना कुणी नेमलं नव्हतं. यांनीच करामातून सरपंचाला फोन केला आणि कळवलं, ‘‘जबाबदारी मी स्वीकारली आहे.’’

सरपंचाच्या मनात फायबरचा सोनेरी जवान, हातात बंदूक आणि खाली कारंजं होतं. व्याही मेट्रोत उभे राहून फोनवर इतके ओरडायचे की शेजारचे फिलिपिनो डबा बदलायचे. ‘‘सरपंच, बंदूक कुठल्या लढाईतली लावताय?’’ तिकडून आवाज यायचा, ‘‘साहेब, पोरांना सेल्फीला बरं पडतंय.’’ ‘‘मग पोरांनाच उभं करा की सोनेरी रंग लावून! खलास!’’ ‘खलास’ हा एकच अरबी शब्द त्यांनी उचलला होता आणि तो फक्त सरपंचासाठी वापरायचे.

त्यांचं स्वतःचं चित्र निराळं होतं. काळ्या दगडाचा साधा चौथरा, त्यावर एक उभी शिळा, शिळेवर अकरा नावं, बस. पण नावं किती उंचीवर, यावर तीन महिने गेले. म्हणायचे, ‘‘नाव खांद्याच्या वर नको. म्हातारीचा हात पोचला पाहिजे. लोक नाव वाचत नाहीत, पाव्हणं, हात लावून बघतात.’’ मग म्हातारीचा हात कुठवर पोचतो हे काढायला सुपरमार्केटात टेप घेऊन उभे राहिले. एक आजीबाई वरच्या फळीवरचा चहा काढायला गेली की हे मागून मोजायचे. तिसऱ्या आजीबाईनंतर सिक्युरिटीवाला आला. आमचा पोरगा ऑफिसची मीटिंग टाकून धावला आणि त्यानं इंग्रजीत काय सांगितलं देव जाणे, पण व्याही बाहेर येताना मला म्हणाले, ‘‘चार फूट आठ इंच. पक्कं झालं.’’

नावं शोधायला दोन वर्षं लागली. जुनी पेन्शनची पुस्तकं, देवळाच्या वह्या, कुणाच्या पेटीतलं पितळी पदक. एकेक नाव सापडलं की हा माणूस पोरगं झाल्यासारखा पेढे वाटायचा. त्यातले दोघं आचारी निघाले. गावातल्यांचं म्हणणं पडलं, भात शिजवणाऱ्याला कसलं स्मारक. व्याह्यांनी फोनवरच सगळ्यांना फाडून खाल्लं. ‘‘मेला तो मेला. बंदुकीनं का पळीनं, विचारायचं नाही!’’ त्या दिवशी मला हा माणूस फार मोठा वाटला. पुढं जे झालं त्यामुळं हे मुद्दाम लिहून ठेवतो.

दहा नावं जमली. अक्षरांचे खाके इथं काढून गावच्या पाथरवटाला पाठवायचे ठरलं. मी त्यांना इन्व्हेस्टमेंट्स पार्क नावाच्या वसाहतीत माझ्या जुन्या कारखान्यात नेलं. तिथं आता सगळं कंप्युटरवर. लखनौकडच्या पोरानं दहाच मिनिटांत दहा नावं छापून दिली. व्याह्यांनी चष्मा लावला आणि किंचाळले. बाळू नावाच्या शिपायाचं ‘बालू’ झालं होतं. पोरगा म्हणाला, ‘‘चाचा, ये वाला अक्षर हमारे यहाँ होता ही नहीं. बालू भी ठीक है, बालू मतलब रेत.’’ व्याही म्हणाले, ‘‘आमचा माणूस शंभर वर्षं वाट बघतोय आणि तू त्याची वाळू केलीस?’’ मी हळूच म्हटलं, ‘‘तसा तो वाळूतच मेला, बसऱ्याला.’’ त्यांनी माझ्याकडं बघितलं, कागद फाडला आणि म्हणाले, ‘‘पाव्हणं, ळ तुमच्या हाताचा पाहिजे.’’

महिनाभर मी अक्षरं काढली. डोळा साथ देत नव्हता, तरी काढली. आणि कुणी न सांगता अकरावा कागदही काढला. माझ्या आजोबांचा. तुळशीराम बाबाजी. त्याच लढाईत खेचरांच्या पलटणीत गेले, बसऱ्याच्या बोटीत चढले ते शेवटचे. माझा बाप तेव्हा पाळण्यात होता. दगडावर अकरा, सापडले दहा, अकरावा दुसरा कोण असणार?

व्याह्यांनी अकरा कागद मोजले. अकराव्यावर टेप धरला, लांबी वहीत लिहिली, कागदाची गुंडाळी केली आणि माझ्या हातात परत दिली. ‘‘ह्याचा कागद कुठाय?’’

मी म्हटलं, ‘‘कागदच आला नाही, हेच तर दुखणं आहे.’’ मग मी त्यांना जे कुणाला सांगत नाही ते सांगितलं. तार नाही, चिठ्ठी नाही, म्हणून माझ्या आजीनं मरेपर्यंत कुंकू लावलं. पुसायचं तर कशाच्या आधारावर? वाडीतल्या बायका तिला सवाष्ण म्हणून जेवायला बोलवत नव्हत्या आणि विधवांत धरतही नव्हत्या. हळदीकुंकवाला ती दाराशी उभी राहायची आणि तिच्यापाशी आल्यावर करंड्याचं झाकण लागायचं. मी हे डोळ्यांनी बघितलंय. एवढा पुरावा बास नाही?

व्याह्यांनी वही मिटली. मग म्हणाले, ‘‘वाईट वाटून घेऊ नका. पण कुंकू हा मेल्याचा पुरावा होत नाही, पाव्हणं. उलटा होतो.’’ आणि अकराव्या ओळीला ‘एक अज्ञात’ लिहिणार म्हणाले.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. ‘‘अज्ञात कुणाला? तुमच्या रजिस्टराला! आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. माझे दहा कागद परत द्या.’’

‘‘त्याची पोच दिलीय मी तुम्हाला. सहीनिशी.’’

पोरगा मध्ये पडला, ‘‘बाबा, प्लीज, इश्यू करू नका.’’ सूनबाई कुणाच्या बाजूनं बोलावं हे न कळून चहा टाकत राहिली. तीन वेळा टाकला. कुणी प्यायला नाही.

त्यानंतर ते स्मारकासाठी गावी गेले आणि तिथंच राहिले. मी फोन केला नाही. उद्‌घाटनाच्या दिवशी सूनबाईनं मोबाईल माझ्या तोंडापुढं धरला. शिळा झकास दिसत होती. ळ माझाच होता. दहा नावं होती, आणि खाली अकराव्या ओळीला काहीच नव्हतं. नाव नाही, अज्ञातही नाही. नुसता घोटलेला दगड. थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला. ‘‘अज्ञात काढून टाकलं. तुमचं बरोबर होतं, अज्ञात नाही तो. तुमच्या आजोबांच्या नावाएवढी जागा सोडलीय. कागद आला की त्याच दिवशी कोरू.’’ मी म्हटलं, ‘‘तुमची जागा तुम्हालाच लखलाभ,’’ आणि फोन ठेवला. मला वाटलं, जन्मभर आजीला जसं दारात उभं केलं तसंच यांनी आजोबांना केलं. अजूनही वाटतं.

चार महिन्यांनी व्याही गेले. झोपेतच गेले.

करामातलं त्यांचं कपाट आवरताना सूनबाईला एक फाईल मिळाली. वर लिहिलं होतं, ‘तुळशीराम बाबाजी, खेचर पलटण’. आत नुसती पत्रं. दिल्लीला, पुण्याला, विलायतेला. साहेबाच्या कारकुनानं नाव कसं लिहिलं असेल याचे पाच-सहा प्रकार करून प्रत्येक प्रकारानं वेगळं पत्र. उत्तरं सगळी एकसारखी, नोंद नाही. गावाहूनही ते पाठवतच होते. शेवटच्या पत्राची नक्कल त्यांच्या उशाशी मिळाली, असं तिच्या भावानं सांगितलं. मला यातलं अक्षर बोलले नव्हते. मी तेव्हा तसा फोन ठेवला नसता तर बोलले असते का, कुणास ठाऊक.

दिवस-वार झाल्यावर सरपंचाचा फोन आला. ‘‘आबा, या आता. छिन्नी घेऊनच या. घाला तुमचं नाव, आता कोण आडवं येतंय?’’

पोरानं तिकीट बघून ठेवलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. कुणी आडवं येत नाही म्हणून कोरायचं असतं तर गावच्या पाथरवटाला गुपचूप सांगून कधीच कोरून घेतलं असतं. मला ते त्यांच्याकडून पाहिजे होतं. भांडून, शिव्या देऊन, पण त्यांच्याच तोंडून. परवा सूनबाई माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, ‘‘आबा, जाऊन या. आता दादांची काही हरकत नसती.’’

मी म्हटलं, ‘‘असती, पोरी. शंभर टक्के असती.’’

ती हसली. मग हसता हसता तिला रडू आलं, आणि या खेपेला चहा मी टाकला.