पाळकसाहेब नागपूरला असताना

मी ईशज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेतेय, हे बल्लारपुरात कुणाला समजावता आलं नाही. मास्टर ऑफ डिव्हिनिटी म्हटलं की शेजारच्या काकूंना मी कुठल्यातरी शाळेत मास्तरीण होणार एवढंच कळायचं, आणि तेच त्यांना बरं वाटायचं. वडील पेपर मिलमध्ये होते. त्यांनी एकदाच विचारलं, "हे शिकून तुले चर्चचा पाळक करतीन का?" मी हो म्हटलं. तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात कॉलेजनं मला सेवेचा अनुभव घ्यायला गोंडपिपरीकडच्या चर्चच्या एका छोट्या मंडळीत पाठवलं. तोवर मी ग्रीक आणि हिब्रू शिकले होते. दुःखितांचं सांत्वन कसं करावं यावरच्या माझ्या निबंधाला वर्गात सर्वाधिक गुण होते. तिथल्या पाळकसाहेबांनी हे सगळं कौतुकानं ऐकलं आणि उपासनेनंतरच्या चहाची जबाबदारी माझ्यावर टाकली. पहिल्याच रविवारी त्यांचा संदेश बायबलातल्या त्या दोन बहिणींवर होता. प्रभू घरी आला तेव्हा एक स्वयंपाकात राबत राहिली, दुसरी त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली, आणि प्रभूनं दुसरीची बाजू घेतली. संदेश फार सुंदर झाला म्हणे. मी मागे गॅसपाशी होते, तुकड्यातुकड्यानं ऐकू आला.

मेच्या अखेरीस पाळकसाहेब एका परिषदेसाठी नागपूरला गेले. विषय होता मंडळीतील स्त्रियांचे स्थान, आणि ते त्यावर बोलणार होते. त्याच दिवशी जवळच्या खेड्यातला मंडळीचा एक म्हातारा सभासद वारला. मंडळीच्या सेक्रेटरींनी नागपूरला फोन लावला. साहेबांचं भाषण दुसऱ्या दिवशी होतं, ते आटोपून निघतो म्हणाले. पण आमच्याकडचा मे महिना कुणाचं भाषण संपायची वाट पाहत नाही. सेक्रेटरी माझ्याकडे आले आणि कूलरकडे पाहत त्यांनी विचारलं, दफनविधी वाचता येईल का. नुसता वाचायचा, करायचा नाही, असंही बजावलं. हा फरक माझ्या अभ्यासक्रमात नव्हता.

त्यांच्या मोटरसायकलवर बसून गेले. म्हाताऱ्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. निबंधात लिहिल्याप्रमाणे मी तिचा हात हातात घेतला. तिनं तो सोडवून पदर नीट केला. मग मी विचारलं, त्यांच्याबद्दल काय सांगू?

"भला माणूस होता असं नोको म्हणू बाई," ती म्हणाली. "गावाले माहीत हाये. मलेच हसू येईन."

निबंधात ही शक्यता धरलेली नव्हती. भर उन्हात खड्ड्याच्या काठावर मी ठरलेली वचनं वाचली आणि मयताचे गुण सांगायचे तिथं अडले. मग म्हटलं, "देवा, हा माणूस कसा होता ते तुला ठाऊक आहे, याच्या बायकोलाही ठाऊक आहे. आम्ही काही लपवत नाही. आता तू सांभाळ." मागं कुणीतरी खाकरलं. म्हातारी मात्र तेव्हा रडली, त्या दिवसात पहिल्यांदाच. माती टाकून झाल्यावर जवळ येऊन म्हणाली, "माह्या वेळेलेही तूच ये. पण माह्याबद्दल चांगलं बोलजो."

पाळकसाहेब परतले. परिषद यशस्वी झाली होती. मग कमिटी बसली : पाळकपदाची दीक्षा न झालेल्या मुलीनं केलेलं दफन ग्राह्य धरावं का? दोन्ही बाजूंनी वचनं काढली गेली. एका ज्येष्ठ सभासदाचं मत पडलं की विधी पुन्हा व्हावा. पुन्हा म्हणजे नेमका कसा, हे सेक्रेटरींनी विचारलं, आणि म्हाताऱ्याला आहे तिथंच राहू द्यायचं ठरलं.

पदवी मिळून त्याच मंडळीत परतले, त्यालाही आता काही वर्षं झाली. माझ्या दीक्षेचा विषय कमिटीच्या विचाराधीन आहे. विचार फारच खोल चालला असावा. दरम्यान आडगावांमधली दफनं, त्यातही उन्हाळ्यातली, माझ्याकडे येऊ लागली. लग्नं पाळकसाहेबच लावतात, तिथं पंखे असतात. परवा चामोर्शीकडे जाऊन आले. कुणी मॅडम म्हणालं, कुणी सिस्टर. एका आजोबांनी पाळकीणबाई म्हटलं, म्हणजे पाळकाची बायको. मी त्यांना दुरुस्त केलं नाही. ऊन फार होतं.