आधी गोठ्यात

बाळंतिणीच्या घरी गेल्या की आमच्या आशाताई बाळ पाहायच्या आधी गोठ्यात जायच्या. "गाय कवा याली?" हा त्यांचा पहिला प्रश्न. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही वैतागला असता. मी बारामतीहून वरकुट्याच्या उपकेंद्रात आलेली नवी नर्स, हातात रंगीत तक्ता, आणि गावची आशा सेविका असलेली ही बाई वासराच्या पाठीवरून हात फिरवत उभी.

आईच्या दुधातली प्रथिनं, जीवनसत्त्वं, प्रतिपिंडं मी घडाघडा म्हणून दाखवायची. बायका माना डोलवायच्या. बाहेर आल्यावर ताई म्हणायच्या, "सिस्टर, झ्याक बोलला. कळलं कुणालाच न्हाय, पर झ्याक बोलला." मला राग यायचा आणि हसूही.

एकदा माहेरी आलेली पहिलटकरीण दिवस भरायच्या आधीच, अ‍ॅम्ब्युलन्स पोचायच्या आत, घरीच मोकळी झाली. लेकरू मूठभर, रडणंसुद्धा बारीक. आम्ही धावत गेलो, तर तिच्या आईनं, आक्कांनी, पहिलं पिवळं दूध वाटीत पिळून घेतलेलं. ओतून द्यायला.

"नासकं आसतंय ते. मध चाटवू बाळाला."

मी तक्ता उलगडला. आक्कांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"आक्का," ताई म्हणाल्या, "गाय याली की चीक कुणाला पाजता?"

"वासराला की. न्हाय पाजला तर हगवण लागून मरतंय."

"त्यो बी पिवळाच आसतोय न्हवं?"

आक्का भिंतीला टेकून खालीच बसल्या. "माझं पयलं पोरगं आठव्या दिशी गेलं," त्या म्हणाल्या. "तवा बी ओतूनच दिलं हुतं. मला कुणी सांगितलंच न्हाय."

ताईंनी त्यांचा हात धरून ठेवला. मग चमचा धुऊन आणला आणि आक्कांच्याच हातात दिला. वाटीतलं दूध आक्कांनी नातवाला थेंब थेंब पाजलं. मी खोटं कशाला सांगू, मला रडू आवरलं नाही. तो नातू आता अंगणवाडीत दंगा करतो.

ताईंचे गुडघे गेले. आता त्या डाळजला लेकीकडे असतात आणि त्यांच्यावाचून गावात फिरताना मला एकटं वाटतं. परवा आक्कांच्या शेजारची सून दवाखान्यात बाळंत झाली. मी पोचले तर आक्का तिच्या उशाशी बसलेल्या, बाळ केव्हाच प्यायला लागलेलं, आणि सुनेच्या सासूला आक्का गाईचं, वासराचं आणि स्वतःच्या पोराचं सांगत होत्या. मी तक्ता पिशवीतच ठेवला आणि ताईंना फोन लावला.

पाहिलेलं सगळं त्यांना सांगितलं.

"मंजी आता माझी गरज न्हाय," त्या म्हणाल्या. हे वाक्य इतक्या आनंदानं बोललेलं मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.