लाकडं घेऊन गेली साहेबाकडे

आता माझी फजिती मीच सांगू म्हणता? बरं, चहा होईपर्यंत ऐका.

आमचं गाव सिंदेवाहीजवळ. आमच्या बचत गटानं शेताच्या बांधांवर सुबाभूळ लावली होती. ती तोडून, वाळवून ढाबेवाल्यांना जळाऊ लाकूड पुरवायचं ठरलं. लाकूड फाडायच्या मशीनसाठी कर्ज पाहिजे होतं. तालुक्याच्या कचेरीत कर्जाच्या मुलाखती होत्या आणि गटाची अध्यक्ष मी. कर्ज घेतल्याशिवाय परत यायचं नाई, असं ठरवूनच निघाली. साहेबाले माल दाखवावा म्हणून एक मोळीही घेतली. सोबत सिंधूबाई.

मोळी पाहून शिपाई म्हणाला, "लाकडंवाले तिकडं बसा."

तिकडं चार-पाच माणसं मान खाली घालून बसली होती. मी सिंधूबाईले हळूच म्हटलं, यांच्यात काही दम नाई, कर्ज आपलंच.

आत खाकीतले साहेब होते. मले वाटलं, मोठ्या कर्जाले मोठा बंदोबस्त असंल. त्यांनी विचारलं, लाकूड कुठून आणता? मी म्हटलं, आपल्याच भागातलं, कमी पडलं तर आजूबाजूच्या गावातून उचलू. एकट्याच का? नाई साहेब, पूर्ण गट आहे, सगळ्या बाया तयार आहेत. साहेब माझ्याकडे पाहतच राह्यले. मी अजून जोरात आली.

"तुम्ही फक्त पाठीशी उभे राहा साहेब. एका वर्षात जिल्हाभर पोहोचवतो."

"बाई, तुमची व्यवस्था आजच करतो," साहेब म्हणाले.

मी हात जोडले. म्हटलं, मग पैसे कधी भेटतील?

"भेटतील? दंड तुम्हाले भरायचा आहे."

ती त्याच कचेरीतल्या दुसऱ्या खोलीत चाललेली वनखात्याची चौकशी होती हो! बाहेर बसले होते ते जंगलातून लाकूड तोडताना सापडलेले. सिंधूबाई तर पदर सावरून दाराकडेच निघाली. म्हणाली, घरी चल, कर्ज गेलं चुलीत. मी हलली नाई. बांध आमचा, झाडं आम्ही लावलेली, सारं साहेबाले समजावून सांगितलं. ते हसले, आणि मले कर्जाची खोली दाखवायला स्वतः आले.

तिथल्या मॅडम चांगल्या होत्या. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "लाकूड कुठून आणता?"

दारात खाकीतले साहेब उभे. माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, आम्ही लाकडाले हातही लावत नाई."

मॅडमनं पेन खाली ठेवला. पुढं कर्ज झालं, मशीनही आली. पण त्या दिवशी त्यांना पटवायला मले संध्याकाळ झाली, की बाई लाकडाचाच धंदा करणार आहे.