घसा मोकळा करायला घेतलेले दोन घोट

ताईंनो, तोंडातून आवाज निघत नाय म्हणून टाइप करते. मी करंजाडेला राहते, हळदीत गाणी गाते.

आज दुपारी उलव्याला हळद होती. माझा घसा जरा बसला होता. नवरीचा मामा ग्लास घेऊन आला, "दोन घोट मार गो, गळा कसा मोकळा होतो बघ!" आमच्यात गाणाऱ्याला पाजतातच. नाय म्हटलं तर मान ठेवला नाय बोलतात. मी घेतली.

मग मस्त गायले. म्हणजे मला तसं वाटलं. नंतर साथीच्या बँजोवाल्या दादानी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. बँजो एकीकडं, मी दुसरीकडं. वर चढताना आवाज फाटला, तरी मी हसतेच हाय!

दादा बोलला, "वैनी, किती खुणा केल्या, तुमी बघतच नव्हता."

घरी येईपर्यंत आवाज पुरता बसला. माझ्या दोन वर्षांच्या पोरीला हाक मारली, तर ती सासूच्या मागं लपली. बोलली, "ही आई नाय."

तेव्हापासून मी तोंडच उघडलं नाय. जाम भीती वाटते. गाणाऱ्या बायांनो, खरं सांगा, असा गेलेला आवाज येतो ना परत?