सलूनचे आरसे आणि माझं अक्षर

“करून बघ, मग बोल!”

आमच्या मुलुंडच्या शाळेतल्या शिवणाच्या बाई हे दिवसातून दहा वेळा म्हणायच्या. गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला मापाची टेप, मूर्ती एवढीशी आणि आवाज पार दुसऱ्या मजल्यावर. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एकदा मी त्यांच्या डब्यातल्या घावण्यांना “जरा जाड झालेत” म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाई माझ्यासाठी तांदळाचं पीठ पुडीत बांधून घेऊन हजर! “करून बघ गो, मग बोल.” मी केले. पहिला तव्यावरून निघेना, दुसऱ्याचा भुगा झाला. तेव्हापासून त्यांच्या घावण्यांबद्दल मी ब्र काढला नाही.

तेव्हा सहावीचा वर्ग माझ्याकडे होता. त्यात शोभा नावाची मुलगी होती. संपानंतर वडिलांची गिरणी बंद पडली, म्हणून ते इथल्याच एका छोट्या कारखान्यात लागले होते. पोरगी बोलायला चुरचुरीत. गोष्ट एकदा ऐकली की पाठ. पण वाचायला उभी केली की घाम फुटायचा, आणि फळ्यावरचं उतरवून घ्यायचं म्हटलं की अर्धीच ओळ, तीही उलटीपालटी. एकदा नापास झालीच होती. या खेपेला शाळा हातात दाखला देणार आणि वडील तिला घरी बसवणार, हे ठरल्यातच जमा होतं.

डिस्लेक्सिया हा शब्द आमच्या स्टाफरूमपर्यंत पोचला नव्हता. आमच्याकडे एकच शब्द होता, आळशी. तो मीच तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिला होता, लाल शाईनं, वळणदार अक्षरात. माझ्या अक्षराचा मला भारी माज होता, खोटं कशाला बोलू!

“आळशी?” शिवणाच्या बाई भडकल्या. “माझ्या तासाला येऊन बघ. फ्रॉक असा बेतते की चिंधी वाया जात नाही. फक्त मापं मी तोंडी सांगते.”

मी मान उडवली.

दाखल्याचं ठरवायला मोठ्या बाईंनी शनिवारी शाळा सुटल्यावर मीटिंग बोलावली. शिवणाच्या बाई दोन पिशव्या घेऊन आल्या. आत आरसे! त्यांच्या बिल्डिंगखालच्या सलूनवाल्याकडून मागून आणलेले, काहींना अजून पावडर लागलेली. दादरला कुणा डॉक्टरांचं व्याख्यान ऐकून त्यांच्या डोक्यात हे खूळ शिरलं होतं. प्रत्येकापुढे एक आरसा, आणि हात थेट दिसू नये म्हणून मध्ये उभं केलेलं हजेरीपुस्तक. फळ्यावरच्या चार ओळी, आपला हात फक्त आरशात बघून, कागदावर लिहायच्या. वेळ पाच मिनिटं.

“काय पोरखेळ लावलाय!” मी म्हणाले.

“करून बघ, मग बोल.”

अहो, साधा ‘क’ जमेना! दांडी वर न्यायला जावं तर पेन्सिल खाली पळते. गणिताचे सर “वाट लागली!” म्हणून मोकळे झाले. मोठ्या बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही हसत होते. तेवढ्यात शिवणाच्या बाई हातात पट्टी घेऊन आमच्यामधून फिरायला लागल्या.

“लक्ष कुठंय? सगळ्यांचं झालं. दर वेळी तुझंच का राहतं?”

वाक्य माझं होतं, वर्गात शोभाला ऐकवायचं. सूरही माझाच.

“अहो, मी करतेय ना!”

“करतेय म्हणे. आळशी कुठली!”

मला रडूच फुटलं. सगळ्या स्टाफसमोर, पाच मिनिटांत. आणि ती पोर दोन वर्षं माझ्यासमोर बसत होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर होईना.

बाईंनी पट्टी ठेवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. “पुरे गो. तिला अगदी अस्संच होतं असं नाही. पण लाज अशीच वाटते.”

मोठ्या बाईंनी त्या दिवशी दाखल्याचा कागद बाजूला ठेवला. शोभाची परीक्षा तोंडी घ्यायची ठरली. प्रश्न मी वाचायचे, उत्तरं मी लिहायची. इतिहासाच्या पेपरला बया अशी सुटली की लिहून लिहून माझा हात दुखला. “अगं, थांब जरा!” म्हणायची पाळी माझ्यावर आली.

निकालाच्या आदल्या दिवशी शिवणाच्या बाई निवृत्त झाल्या आणि रात्रीच्या गाडीनं मालवणला गेल्या. शोभा पास झाली होती. प्रगतिपुस्तक नाचवत ती स्टाफरूमच्या दाराशी आली आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली.

“शिवणाच्या बाई गेल्या?”

“हो गं. कालच.”

ती जाईना. पायानं फरशी उकरत उभी राहिली.

“बाई, एक विचारू? रागवणार नाही ना? त्या म्हणाल्या, तुम्हालाही लिहायला नाही आलं. तुम्ही रडलात.”

असा संताप आला मला! या बाईच्या पोटात काही राहील तर शपथ! पण शोभाच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“हो,” मी म्हणाले. “नाही आलं मला.” इतक्या वर्षांच्या नोकरीत हे मी कुठल्याही मुलीला सांगितलं नव्हतं.

शोभा आत आली. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “असू द्या, बाई. सुरुवातीला होतं तसं.”